शेठचा ठ

शाळा सुटली की शालू घरी जायच्या आधी माझ्या दुकानात येते. पुढच्या दाराने नाही, मागच्या गल्लीतून. तिथे पत्र्याच्या शेडखाली उतरवलेल्या बॅनरची थप्पी असते. चप्पल काढते, पदर खोचते आणि वाकून एकेक फ्लेक्स उलटत बसते. वाढदिवस, दहीहंडी, नवरात्र, कुणाची नियुक्ती, कुणाची दशक्रिया. मी काउंटरवरून आवाज देतो, "चहा सांगू?" ती बोलते, "सांग. आणि पंखा इकडे फिरव." दिवसातलं आमचं अर्धं बोलणं एवढंच.

ही माझी धाकटी बहीण. कळव्यात संस्थेची मराठी शाळा आहे, तिथे पहिलीला शिकवते. केस पिकले, गुडघे गेले, तरी पहिलीच. आमच्या समाजात आता घराघरात इंजिनीअर झालेत, डॉक्टर झालेत. त्यांचे अभिनंदनाचे बॅनर मीच छापतो. पण पहिलीच्या पोरांना वाचायला लावणारी बाई आमच्या घरात आहे, आणि तिचा बॅनर आजपर्यंत कोणी छापला नाही. तिने मला छापू दिला नाही. म्हणून हे लिहितोय. माझं शिक्षण नववी. चुका माझ्या मुलाने, मयूरने, काढल्यात. बाकी सगळं माझं.

पहिलं हे सांगतो की आमच्या घरात अक्षर आणलं कोणी. आमचे बाबा मिठागरावर, आई रखमाबाई पण मिठागरावर. दोघांचा अंगठा. मी नववीतून शाळा सोडली आणि दुकानांचे बोर्ड रंगवायला लागलो. खोटं बोलत नाही, त्या काळी खारेगाव ते कळवा नाका, एक दुकान दाखवा ज्याच्यावर माझ्या हातचं अक्षर नव्हतं. 'म्हशीचे ताजे दूध मिळेल' माझं. 'येथे कचरा टाकू नये' ते पण माझं, आणि लोक कचरा टाकताना तेवढं अक्षर सोडून टाकायचे. शालू तेव्हा फ्रॉकमध्ये. ती खाली शिडी धरून उभी राहायची. मी वर 'दू' काढला की ती खालून 'दू'. मी 'ध' काढला की 'ध'. मग दोन्ही मिळून बोलायची आणि तबेल्याकडे बोट दाखवायची. बालवाडी वगैरे नंतर. तिची पहिली शाळा माझी शिडी. हे मी लग्नात, बारशात, सगळीकडे सांगितलंय. तिला कंटाळा येतो. तरी सांगतो.

पुढे ती डी.एड. झाली, नोकरीला लागली. इकडे फ्लेक्स आला आणि हाताच्या अक्षराला कोणी विचारेना. बाकीचे पेंटर रिक्षा चालवायला गेले. मी मशीन आणलं. माझ्यासारखा डोकेबाज माणूस बसून राहत नाही.

एकदा तिच्या वर्गात खिळा ठोकायला गेलेलो. भिंतीवर बाजारातला तक्ता होता, चकचकीत, चित्रांचा. शालू छडी ठेवून विचारत होती. 'औ' पाशी औताचं चित्र. पोरं बोलली, "पंखा." 'ऐ' पाशी ऐरण. पोरं बोलली, "दगड." 'उ' पाशी उखळ. एक बारकी पोरगी उठून बोलली, "बाई, डमरू." मी हसून शिडीवरून पडणार होतो. शालू हसली नाही. तिने छडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मला बोलली, "दादूस, हा तक्ता गेली कित्येक वर्षं मी लावते. दरवर्षी मी आधी औत शिकवते, मग औ शिकवते. दमले मी औत शिकवून."

पोरांचा पण दोष नाही. तिच्या वर्गात अर्धी पोरं बाहेरून आलेली. कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी भोजपुरी, कोणी जालन्याचं, कोणी आपलं आगरी. औत कोणी बघितलंय? त्यात तो तक्ता असा चमकतो की मागच्या बाकावरून नुसता ट्यूबलाइट दिसतो. पावसाळ्यात पोपडे धरतो. एका पोराने बोट लावलं की टराटर.

तर ती त्या दिवशी माझ्यासोबत दुकानात आली. मागे थप्पीवर एक बॅनर उलगडून पडलेला, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. ती बघतच बसली. बोलली, "हे तर पोरं रोज बघतात." आणि कटर मागितला.

तिथून सुरू झालं. फ्लेक्स फाटत नाही, भिजत नाही, पुसला की स्वच्छ. आणि अक्षर हे एवढं, ताटाएवढं. ती एकेक अक्षर चौकोनी कापायची आणि भिंतीवर लावायची. पोरं ते काढून हातात घेणार, जमिनीवर मांडणार, शब्द जुळवणार. पहिल्यांदा प्रत्येकाला स्वतःच्या नावाची अक्षरं. मग नाक्यावर जे दिसतं ते. कळवा. दादा. दहीहंडी. तिच्या वर्गातल्या पोरांना 'ग' यायच्या आधी 'हार्दिक' मधला 'र्दि' यायचा. दुसऱ्या शाळांतल्या बायका यायच्या बघायला, आणि डोक्याला हात लावायच्या. पण दिवाळीपर्यंत पोरं वाचायची. ठाण्यात कुठेही विचारा, दिवाळीपर्यंत पहिली वाचते का. मग माझ्याशी बोला.

आणि ती काही पण उचलत नाही हं. थप्पीत तिची निवड बघायला पाहिजे. मयूर डिझाइनमध्ये अक्षराला सोनेरी कड, आग, सावली, असलं काय काय टाकतो. ते सगळं बाजूला. बोलते, "हे अक्षर आहे का फटाका?" मयूरने हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' वापरला की ते पण बाजूला. "अगं आत्या, फॉन्टच तसा येतो." ती बोलते, "मग फॉन्टला सांग, माझी पोरं अजून एकच ल शिकलीत." वळण सरळ पाहिजे, रंग एक पाहिजे, अक्षराच्या मागे गर्दी नको. पूर्ण थप्पी उलटून कधी दोन अक्षरं हाताला लागायची. तेवढी काखेत मारून, गुडघा धरत घरी.

तुम्ही म्हणाल, सख्खा भाऊ छापखानावाला, त्याने नवीन छापून द्यायची. दिली ना. पूर्ण बाराखडीचा सेट दिला, एक नंबर क्वालिटी, कोपऱ्यांना आयलेटच्या कड्या मारून. प्रत्येक अक्षराखाली 'सौजन्य : परशुराम' आणि माझा फोटो, फेट्यातला. आमच्या धंद्यात फोटोशिवाय फ्लेक्स म्हणजे मिठाशिवाय भाकरी. दोन दिवसांनी ती सेट घेऊन परत आली.

"काय झालं?"

"'क' दाखवला की पोरं बोलतात परशुराममामा. 'ख' दाखवला की परशुराममामा. 'ज्ञ' पर्यंत सगळे परशुराममामाच."

"मग चांगलंय की. नाव तर वाचतायत."

"वाचत नाहीत, दादूस. तुला बघतायत."

मला राग आलेला. चार दिवस चहा सांगितला नाही मी. पण तिने सेट टाकला नाही. मागची पांढरी बाजू वर करून पोरांना बसायला आसनं केली. आता वर्ग माझ्यावर बसतो. ठीक आहे. भावावर बहिणीचा हक्क असतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो मी घालून दिलाय. जिवंत माणसाचा चेहरा कापायचा नाही. बॅनर उतरवला की चेहरा आत घेऊन गुंडाळायचा, त्याच्यावर पाय द्यायचा नाही. कोणाचं आयुष्य आपल्या कटरखाली नको. शालूला हा नियम माहीत. ती चेहरे सोडून अक्षरं कापायची आणि चेहरे मला परत द्यायची. माझ्या पोटमाळ्यावर अर्धं ठाणं गुंडाळून ठेवलेलं आहे.

गोची झाली 'ठ' ची. तुम्ही म्हणाल, ठाण्यात राहून ठ ची काय कमी? कमीच आहे. 'ठाणे' आम्ही खाली पत्त्यात टाकतो, मुंगीएवढं. मोठा, ताटाएवढा ठ फक्त शेठचा. आणि शेठ म्हणजे उत्तमशेठ. आमच्याच गावचा, जमिनी होत्या, टॉवर झाले, आता घोडबंदरला ऑफिस, आणि शालूच्या शाळेच्या संस्थेचा अध्यक्ष. त्याचे सगळे बॅनर माझ्याकडे. मयूर त्याचा फोटो मोठा घेतो, गॉगल लावून, इतका मोठा की नावावर येतो. ठ चा गोल आणि शेठचा कान एकात एक.

शालू त्या बॅनरपाशी बराच वेळ बसून होती. मी बोललो, "सोड." ती बोलली, "सोडून सोडून वर्ष निघालं. पोरं ठसा, ठोकळा, ठिपका काहीच लावू शकत नाहीत." आणि कापला. ठ सोबत कानाचा तुकडा आणि गॉगलची काडी आली.

तिच्या वर्गात दर शनिवारी प्रत्येक पोर एक अक्षर घरी घेऊन जातं. घरात, गल्लीत ते अक्षर शोधायचं आणि सोमवारी येऊन सांगायचं. हा ठ गेला करिश्माकडे. करिश्मा म्हणजे प्रीतमची पोरगी. प्रीतम म्हणजे उत्तमशेठचा माणूस. शेठचे सगळे बॅनर बांधणं आणि उतरवणं याच्याकडे. आख्ख्या शाळेत ते अक्षर नेमकं त्याच घरात जायचं होतं.

रविवारी सकाळी प्रीतम दुकानात आला. अक्षर काउंटरवर ठेवलं, उलटं नाही, सुलटं.

"काका, हा कान कोणाचा?"

"कान कोणाचाही असतो, बाबा."

"गॉगल कोणाचाही असतो. कान नसतो. मी या कानाला किती वेळा सुतळी बांधलीय." बसला नाही तो. "जिवंत माणूस कापतात का, काका? तुम्हीच शिकवलंत आम्हाला, चेहरा आत घ्यायचा म्हणून. आणि तुमच्याच घरातून?"

मी बोललो, "पोरीने वाचला का पण?"

"काय?"

"करिश्माने. ठ वाचला का?"

"ते मी कुठे बघू. माझं डोकं फिरलंय इथे."

सोमवारी तो शाळेत गेला, दोन माणसं घेऊन. आरडाओरडा नाही केला, तेवढं मी मानतो. हेडमास्तर शिवानी मॅडमच्या टेबलावर तो कान ठेवला आणि बाहेर येऊन उभा राहिला. शिवानी मॅडम वयाने शालूपेक्षा बारकी, बाई वाईट नाही, पण संस्थेला घाबरून असते. तिने शालूला बोलावलं.

शालूनेच नंतर सांगितलं मला, चहाचा ग्लास हातात धरून, प्यायली पण नाही. मॅडम बोलली, "शालिनीताई, माझ्यावर प्रेशर आहे. अध्यक्षांनी प्रत्येक वर्गात मोठा टीव्ही दिला, अक्षरांची गाणी, गोष्टी, सगळं आत आहे. तुमच्याच वर्गातला बंद असतो. आणि भिंतीवर हे असलं. उद्या मला विचारलं तर काय सांगू? तुम्ही या वर्षी ऑफिसला बसा. ऑनलाइन माहिती भरायला माणूस पाहिजेच आहे. पहिली दुसऱ्या कोणाला देते."

"तू काय बोललीस?"

"काय बोलणार. बघते म्हटलं." ग्लास खाली ठेवला. "पहिली गेली तर मी काय करू, दादूस? मला दुसरं काही येत नाही."

ही बाई रडत नाही. आई गेली तेव्हा पण आधी सगळ्यांची जेवणं बघितली आणि मग कोपऱ्यात बसली. तिने एवढं बोलणं म्हणजे खूप झालं. मी बोललो, "उद्या शेठकडे जातो." ती बोलली, "तू नको जाऊस. तू गेलास की बढाया मारशील." पण मी गेलो.

घोडबंदरचा रस्ता म्हणजे माणसाची परीक्षा. कळव्यातून निघालो, मेट्रोचे खांब मोजत मोजत बसलो रिक्षात, रिक्षा हलेना. पोचेपर्यंत शर्ट चिकटला. शेठचं ऑफिस काचेचं, आत थंडी. त्याने मला बघून हात केला.

"ये परश्या. घाम पूस आधी. तुझी शालू माझा कान कापते म्हणं."

"शेठ, कान नाय कापला. ठ कापला. कान सोबत आला."

"ठ चा काय करते ती?"

मी सगळं सांगितलं. औत, ऐरण, थप्पी, दिवाळीपर्यंत वाचणारी पोरं. सांगताना माझी छाती फुगलेली, ते मला पण कळत होतं. शेवटी बोललो, "शेठ, पूर्ण ठाण्यात तुमचा एकच ठ मोठा आहे. पोरं तुमच्या नावावर वाचायला शिकतायत. यापेक्षा मोठा मान कोणता?"

तो हसला थोडा. मग मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. शालूच्या वर्गातला टीव्ही. त्याला धूळ लागू नये म्हणून तिने फ्लेक्सची पांढरी खोळ शिवून घातलेली.

"कानाचं सोड," तो बोलला. "हा बघ. माझा टीव्ही झाकून ठेवलाय. मयतावर कापड टाकतात तसा. मी उद्घाटनाला गेलेलो तिथं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मंग बंद कनाला ठेवलाय?"

मी बोललो, "शेठ, आपल्या आया एका मिठागरावर..."

"ते नको काढू आता." तो थकलेला दिसला मला. डोळ्याखाली काळं आलेलं, ते मयूर फोटोत काढून टाकतो. "मी सांगतो तसं कर. भिंत साफ करायची. टीव्ही चालू ठेवायचा. पहिली तिच्याकडंच राहील. मॅडमला मी फोन करतो. झालं? जेवून जा."

जेवलो नाही. परत येताना मला वाटलं, मी जिंकलो. दुसरा कोणी असता तर त्याला खाली वॉचमननेच परत पाठवला असता. संध्याकाळी शालूला सांगितलं. म्हटलं, "वर्ग राहिला तुझा. भावाला मान."

ती पंख्याखाली बसलेली. बोलली, "वर्ग राहिला. शिकवू कशाने?"

दुसऱ्या दिवशी तिने भिंत उतरवली. मी गेलेलो मदतीला, शिडी तिला झेपत नाही. अक्षरं निघाली आणि मागे टेपचे चौकोन राहिले, भिंतीला कांजण्या आल्यासारखे. पोरं बाकावर बसून बघत होती. एकाने विचारलं, "बाई, आपण शिफ्ट होतोय?" या पोरांना सामान उतरवणं म्हणजे तेवढंच माहीत.

मग टीव्ही सुरू झाला. मी टीव्हीला नावं ठेवत नाही, चांगला आहे, रंग चांगले, गाणं चांगलं. एक ससा नाचत नाचत अक्षरं बोलतो. पोरांना आठवड्यात गाणं पाठ झालं. शालूने गाणं थांबवून फळ्यावर एकच अक्षर काढलं, की पोरं सशाला शोधायची. सशाशिवाय अक्षर कोणाला ओळखू येईना. ती मला बोलायची, "गातात छान. वर्गात आवाज पण नसतो, मॅडम खूश आहे." आणि थप्पीकडे न बघता चहा पिऊन घरी जायची. मागच्या दाराने येणं पण बंद केलं तिने. पुढून यायची, गिऱ्हाइकासारखी.

ते मला बघवत नव्हतं. एक दिवस सहज विचारलं, "कुठली अक्षरं राहिलीत पोरांची?"

"कशाला?"

"असंच."

"झ, ढ, घ, ख. ठ तर राहिलाच." डोळे मिटूनच बोलली. "जाऊ दे ना."

उत्तमशेठचा वाढदिवस जवळ आलेला. मी मयूरला बसवलं. म्हटलं, या वेळी डिझाइन मी सांगणार. आग नको, सावली नको. पांढऱ्यावर काळं, अक्षर सरळ, आपल्या वळणाचा ल, आपल्या वळणाचा श. शेठचा फोटो वरच्या कोपऱ्यात. मयूर बोलला, "पप्पा, हे बॅनर आहे का नोटीस बोर्ड?" मी बोललो, "तू टाइप कर."

झुंजार नेतृत्व. ढाण्या वाघ. घराघरात उत्तमशेठ. ठाम. खंबीर.

डिझाइन शेठला मोबाइलवर पाठवलं. फोन आला. "परश्या, फोटो बारीक केलास."

"शेठ, फोटो सगळ्यांचाच मोठा असतो. विशेषणं एवढी मोठी कोणाला आहेत ठाण्यात?"

फोनवरच त्याने एकेक विशेषण वाचलं. मग बोलला, "ढाण्या वाघ बरा वाटतंय. ठेव."

परवानगी रीतसर काढली. जागा मी निवडली. शाळेसमोरच्या गल्लीपलीकडची भिंत, पहिलीच्या खिडकीच्या बरोबर समोर. प्रीतमनेच बांधला. त्याला काय माहीत. त्याच्यासाठी भिंत ती भिंत.

शालूला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती सकाळी वर्गात गेली, खिडकी उघडली आणि तशीच उभी राहिली. हे मला करिश्माच्या आईने सांगितलं, ती पोरीला सोडायला गेलेली. मग शालूने टीव्ही लावला, सशाचं गाणं एकदा पूर्ण होऊ दिलं, ठरल्याप्रमाणे. आणि मग बाकं फिरवली, सगळी, खिडकीकडे तोंड करून.

शिवानी मॅडम आवाज ऐकून आली. वर्ग एका सुरात वाचत होता, "ढा-ण्या वा-घ." मॅडमने खिडकीतून बघितलं, अध्यक्षांना बघितलं, आणि शालूला विचारलं, "हे काय चाललंय?"

"अध्यक्षांच्या शुभेच्छा वाचतायत मुलं," शालू बोलली.

मॅडम दार लोटून गेली. करणार काय?

पण शालू खूश नव्हती. संध्याकाळी आली, मागच्या दाराने, तेवढं बरं वाटलं. बोलली, "बॅनर तुझं काम ना?" मी कॉलर ताठ केली. ती बोलली, "दिसतो, दादूस. पण हातात येत नाही. ढ उचलून वाघापुढे ठेवता आला पाहिजे, काढून डब्यापुढे ठेवता आला पाहिजे. लांबून बघायचं तर मग टीव्ही काय वाईट." बसली आणि गुडघा चोळायला लागली. "तरी बरं केलंस." तिच्या तोंडून एवढं म्हणजे माझा सत्कार.

मुदत संपली. प्रीतम शिडी घेऊन आला. बांबू माझे असतात, म्हणून मी पण गल्लीत उभा होतो. वर्ग चालू होता, खिडकी उघडी. प्रीतमने खालच्या कोपऱ्याची सुतळी सोडली. खालची ओळ दुमडली आणि खिडकीतून एक पोर बोललं, "बाई, खंबीर गेला." त्याने दुसरी गाठ सोडली. "ठाम पण गेला." प्रीतमने मान वळवून खिडकीकडे बघितलं. पोरांची गर्दी गजाला लागलेली, आणि त्यात पुढे करिश्मा.

"पप्पा, थांबा ना," ती बोलली. "मला वाघ वाचायचाय."

"रोज तर वाचला असशील."

"एकदा परत."

ती वाचायला लागली. अडखळत नाही, बोट हवेत फिरवत. ढाण्या. वाघ. घराघरात. मग शेठवर आली आणि बापाला बोलली, "हा माझा ठ आहे, पप्पा. तुम्ही घेऊन गेलेला तो."

प्रीतम शिडीवर तसाच. हातात सुटलेली सुतळी. मी वर बघितलं नाही. शिडीवर माणसाला काय वाटतं ते खालच्याने बघू नये, एवढं मला पेंटिंगच्या दिवसांपासून कळतं. शेवटी तो बोलला, "बसा आता. बाईंना शिकवू द्या." आणि हळूहळू उरलेला उतरवला.

दुकानात येऊन त्याने बॅनर शेडमध्ये पसरला, माझ्याकडे हात केला. "काका, कटर द्या."

"कशाला?"

"द्या हो."

मी दिला. तो गुडघ्यावर बसून कापायला लागला, खालून वर. खंबीर, ठाम, घराघरात, वाघ, सगळी अक्षरं सुटी केली. चेहऱ्याच्या जवळ आला की हात थांबायचा, दोन वीत सोडून पुढे. शेठ आणि त्याच्या भोवतीचं सगळं तसंच ठेवलं, चेहरा आत घेऊन गुंडाळलं आणि मला दिलं. "हे पोटमाळ्यावर." अक्षरं त्याने दुधाच्या पिशवीच्या रबराने बांधली आणि घेऊन गेला. माझ्याशी दुसरा शब्द बोलला नाही. माफी वगैरे तर लांबच. आमच्या गावात माफी मागत नाहीत, काम करतात.

सकाळी करिश्माच्या दप्तरातून ती गुंडाळी वर्गात गेली. मी दुपारी मुद्दाम बघायला गेलेलो, निमित्त काढून, दाराचा कडीकोयंडा. भिंत साफ होती, टेपचे चौकोन सोडले तर. टीव्ही चालू होता, ससा नाचत होता, आवाज बारीक. आणि पोरं सगळी जमिनीवर, माझ्या फोटोंवर बसून अक्षरं लावत होती.

मी शालूला हळूच विचारलं, "मॅडम?"

"येऊन गेली. भिंत साफ ठेवायला सांगितलेली, साफ आहे. जमिनीचं कोणी काही बोललं नव्हतं." खुर्चीत बसून ती पोरांकडे बघत होती. पाय पुढे लांब केलेले, चपलेतून काढून. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटतं, तिला झोप येत होती.

संध्याकाळी ती मागच्या गल्लीतून आली. पदर खोचला, थप्पीपाशी वाकली. मी चहा सांगितला, पंखा फिरवला. म्हटलं, "आता तरी मान, भावाचं डोकं काय चालतं ते."

"झ नाही आला," ती बोलली.

"काय?"

"झुंजारचा झ. गुंडाळीत नव्हता. पोरं शोधत होती."

"तो शेठच्या खांद्याला लागून होता. प्रीतमने सोडला असणार. चेहऱ्याजवळ तो कापणार नाही."

"बरोबर आहे त्याचं." तिने एक फ्लेक्स उलटला, बघितला, बाजूला टाकला. दुसरा घेतला. "पुढच्या वर्षी झ जरा खाली घे, दादूस. चेहऱ्यापासून लांब."